फ्लूची साथ आणि आपलं घर: दार लावून घ्यायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. २०२० मध्ये भांडुपच्या आमच्या सोसायटीची चिटणीस होते. घरात दम्याच्या सासूबाई, बेस्टमध्ये ड्रायव्हर असलेला नवरा आणि आठवीतली मुलगी. त्या काळात लोक जिन्यात थांबून, गॅलरीतून हाक मारून, रात्री अकराला फोन करून एकच गोष्ट विचारायचे: आम्ही काय करायचं, घरात बसायचं का? पुढे कधी फ्लूची मोठी साथ आली तर हेच प्रश्न पुन्हा येणार. म्हणून डॉक्टरांना विचारून, वाचून आणि आमच्या घरात करून पाहून जे कळलं ते इथे लिहिते आहे. फ्लू आणि कोविड एक नाहीत. फ्लू फार झपाट्याने पसरतो आणि लक्षणंही लवकर दाखवतो, त्यामुळे दिवसांचे हिशोब वेगळे आहेत. ते त्या त्या ठिकाणी दिले आहेत.

क्वारंटाइन, विलगीकरण, घरात बसणं हे सगळं एकच ना?

नाही. आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण. ज्याला लागण झाली असण्याची शक्यता आहे पण अजून काही होत नाहीये, त्याला वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. आणि ज्यांचा आजाराशी अजून संबंधच आलेला नाही त्यांनी तो येऊ नये म्हणून दार लावून घेणं, ही तिसरी गोष्ट. लोक विचारतात ते बहुतेक वेळा या तिसऱ्याबद्दल. खाली मीही मुख्यतः त्याबद्दलच बोलते आहे.

मग साथ आली की दार लावून घ्यायचं का? ठरवायचं कशावरून?

टीव्हीवरच्या रोजच्या आकड्यावरून ठरवू नका, एवढं मी ठामपणे सांगेन. तो आकडा सगळ्या मुंबईचा असतो. त्यावरून आपल्या घरात कोणाला किती धोका आहे ते कळत नाही.

आधी घरात कोण नाजूक आहे ते बघा. फ्लूमध्ये पाच वर्षांखालची मुलं (त्यातही दोन वर्षांखालची), गरोदर बाई, पासष्टीच्या पुढची माणसं, आणि दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले लोक जास्त जोखमीत असतात. पण प्रत्येक नव्या साथीची तऱ्हा वेगळी असते. १९१८ च्या साथीत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं मोठ्या संख्येने गेली. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये म्हाताऱ्यांना लागण तुलनेने कमी झाली आणि तरुण माणसं व गरोदर बायका अडचणीत आल्या. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत विचारायचा प्रश्न 'किती जणांना झाला' हा नाही, 'कोणाला जड जातोय' हा आहे.

मग बघा, घरातून बाहेर जावंच लागतं असं कोण आहे. आणि तिसरं, कोणीही बाहेर न पडता घर किती दिवस चालेल. यात किराणाही आला, पगारही आला, खोलीचं भाडंही आलं.

नाजूक माणूस आहे आणि कोणालाच बाहेर पडायची सक्ती नाही, अशा घराने लवकर दार लावून घ्यावं, लोक काय म्हणतील याचा विचार करू नये. घरात कोणी नाजूक नाही आणि दोघांचंही हातावर पोट आहे, तर घर बंद करण्याच्या नादात चूल बंद पाडू नका. मास्क, हात धुणं, गर्दीची वेळ टाळणं आणि ताप आला की त्याच दिवशी घरी थांबणं, एवढं नीट केलं तरी खूप झालं. आणि या दोन्हींच्या मधली घरं, म्हणजे मुंबईतली बहुसंख्य, त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न.

आमच्याकडे एक माणूस रोज लोकलने जातं. मग बाकीच्यांनी घरात बसून उपयोग काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, आणि तो आमच्याच घराचा होता.

गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसं उभी असतात. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे रोज जाणारं माणूस 'मी अगदी ठणठणीत आहे' म्हणून परत येईल तेव्हासुद्धा ते आजार घेऊन आलेलं असू शकतं. अशा घराने बाहेरचं दार कितीही घट्ट लावलं तरी ते संध्याकाळी सातला उघडणारच. त्यामुळे अशा घरात दार बाहेर लावायचं नसतं, आत लावायचं असतं. एका घरात दोन घरं करायची: नाजूक माणूस आणि कायम घरात राहणारे एका बाजूला, बाहेर जाणारं माणूस दुसऱ्या बाजूला.

आमचं घर झोपडपट्टी पुनर्वसनातलं, २२५ चौरस फुटांचं. पुढची खोली नवऱ्याची झाली, आतल्या अरुंद जागेत सासूबाई आणि मुलगी, आणि ओट्याशी मी. मुलीने लादीवर खडूने रेघ मारली. रोज लादी पुसली की ती जायची आणि रोज ती पुन्हा मारायची. आठवडाभराने तिने बाबाच्या हत्यारांच्या पेटीतली लाल इन्सुलेशन टेप काढली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवली. नवरा पाळीवरून आला की दाराशी ठेवलेल्या बादलीत गणवेश टाकायचा, थेट मोरीत जायचा, आंघोळ करून आपल्या बाजूला बसायचा. मोरी सगळ्यांची एकच, म्हणून त्याच्यानंतर अर्धा तास कोणी जायचं नाही आणि वरची झडप उघडी ठेवायची. जेवण मी रेघेवर ठेवायची, तो उचलायचा.

अवघड काय गेलं सांगते. सासूबाईंना आजाराची भीती वाटत नव्हती. मुलगा दमून येतो आणि आपण त्याला पाणीही हातात देऊ शकत नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं. त्याच्या वाढदिवशी त्यांनी रेघ ओलांडून त्याच्या केसांवरून हात फिरवला. मी रागावले नाही. त्यांचे हात साबणाने धुवून दिले, खिडकी उघडली, आणि दुसऱ्या दिवशीपासून रोज संध्याकाळी दोघांनी खिडकीशी, मास्क लावून, दोन हातांच्या अंतरावर दहा मिनिटं बोलायचं ठरवलं. नियमात माणसाला जागा ठेवली नाही तर नियम आठवड्यात मोडतो, आणि मग चोरून मोडतो. ते जास्त धोक्याचं.

असं कोंडून घेऊन कधी कोणी वाचलंय का?

हो, वाचलंय. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये पॅसिफिक महासागरातल्या पश्चिम सामोआत ऑकलंडहून 'तालुने' नावाचं जहाज लागलं आणि त्याबरोबर फ्लू उतरला. तिथली जवळपास एक पंचमांश माणसं मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने जहाजं अडवली, आलेल्यांना क्वारंटाइनमध्ये ठेवलं, आणि तिथे या फ्लूने एकही माणूस दगावलं नाही. पण ते बेट होतं आणि त्यांनी आजार किनाऱ्याला लागायच्या आधी दार लावलं होतं.

मुंबईचं काय झालं तेही बघा. १० जून १९१८ ला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. मग गोदी, गिरण्या, कचेऱ्या, आणि रेल्वेने देशभर. ती पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. लोकांना वाटलं गेलं एकदाचं. सप्टेंबरमध्ये ती उलटून आली आणि ६ ऑक्टोबरला या शहरात एका दिवसात ७६८ माणसं गेली. देशभरात एक ते दोन कोटींच्या दरम्यान माणसं गेल्याचे अंदाज आहेत. सात बेटांची मुंबई आता बेट राहिलेली नाही, शहर म्हणून आपल्याला दार लावता येणार नाही. पण एका घरातल्या एका माणसासाठी छोटं बेट तयार करता येतं.

आमची चाळीतली एक खोली. संडास सामाईक. आमच्यासाठी हे सगळं फोल नाही का?

फोल नाही, मर्यादित आहे. एका खोलीत फ्लू अडवता येईलच असं नाही, पण प्रत्येकाच्या वाट्याला येणारी हवा बदलता येते. खिडकीजवळ बाहेर जाणारं किंवा आजारी माणूस, दाराजवळ नाजूक माणूस. टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून लावा, म्हणजे आतली हवा बाहेर ढकलली जाईल. झोपताना एकाचं डोकं तिथे दुसऱ्याचे पाय. आणि जेवायला एकत्र बसू नका. जेवताना मास्क निघतो, गप्पा होतात, तोंडं समोरासमोर येतात. साथीपुरतं पाळीपाळीने जेवा.

संडासाच्या रांगेत मास्क हवाच. आपलं टमरेल आणि साबण आपला आपण न्या. शक्य असेल तर पहाटे गर्दी नसताना उरकून घ्या. दांडीला, कडीला हात लागला तर हात धुवेपर्यंत तोंडाला लावू नका. गुळगुळीत कठीण वस्तूंवर हा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो, पण साबणापुढे त्याचं काही चालत नाही.

चाळीचा एक फायदा फ्लॅटवाल्यांना नाही. शेजार. मजल्यावर एखादी खोली रिकामी असेल तर ती साथीपुरती नाजूक माणसांसाठी मागून घ्या. चार घरच्या चार म्हाताऱ्या एकत्र राहिल्या आणि डबे बाहेरून गेले, तर चारही घरांचा प्रश्न सुटतो.

सुरुवात कधी करायची?

आपल्या इमारतीत पहिला रुग्ण सापडल्यावर नाही. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण फ्लू लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुधा दुसऱ्याच दिवशी लक्षणं दाखवतो आणि तोवर पुढे गेलेला असतो. नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकडी भरायला लागली, मुलीच्या वर्गात एकदम सात-आठ गैरहजर, पालिकेने आपल्या वॉर्डात रुग्ण सांगितले, यातलं काहीही दोन दिसलं की सुरू करा.

आणि संपवायचं कधी?

सुरू करतानाच कॅलेंडरवर तारीख लिहा. एका भागातली लाट साधारण सहा ते आठ आठवडे चालते. दर रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून पुढच्या आठवड्याचं ठरवायचं. लाट ओसरली की रेघ काढा, पण टेप फेकू नका. आमची लाल टेप २०२० च्या दिवाळीत निघाली आणि मार्च २०२१ मध्ये पुन्हा लागली. फ्लूही पहिल्या फेरीत संपेलच असं नाही, १९१८ चं वर सांगितलंच आहे.

शाळा चालू आहे. पाठवू का?

मुलं फ्लू मोठ्यांपेक्षा जास्त दिवस पसरवतात आणि घरी आणण्यात आघाडीवर असतात. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईतल्या शाळा आठवडाभर बंद ठेवल्या होत्या त्या यामुळेच. घरात नाजूक माणूस असेल आणि लाट चढती असेल तर दोन-तीन आठवडे शाळा बुडू द्या, वर्गशिक्षकांना स्पष्ट कारण सांगा. पण शाळा बंद करून मुलाला खालच्या मजल्यावर शिकवणीला आणि संध्याकाळी क्रिकेटला पाठवायचं असेल तर शाळाच बरी.

सगळे मिळून गावी गेलो तर?

जायचं तर साथ मुंबईत पसरायच्या आधी, आणि तिथे पोचल्यावर सात दिवस वेगळं राहायच्या तयारीने. साथ भरात असताना गाडीत बसून गावी जाणं म्हणजे आपल्या आईवडिलांच्या दारात आजार नेऊन ठेवणं. तिथून मोठं इस्पितळ किती तासांवर आहे ते आठवा. २०२० च्या गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना आधी घराबाहेर दिवस काढायला लावले तेव्हा खूप जण दुखावले, आमचे शेजारीही. मला मात्र गावकऱ्यांचं बरोबर वाटलं होतं. त्यांच्याकडे व्हेंटिलेटर नव्हते, शाळेची खोली होती. त्यांनी ती वापरली.

घरकामाच्या ताईंचं काय?

सुट्टी द्या आणि पूर्ण पगार द्या. यावर माझं दुसरं मत नाही. त्या चार घरं करतात, त्यांच्या घरीही सासू आणि लेकरं आहेत. पगार कापला तर त्या ताप अंगावर काढून येतील, आणि तो दोष त्यांचा नसेल.

सामान किती भरून ठेवावं?

दोन आठवड्यांचं. चार माणसांना आम्हाला लागलं ते असं: सहा किलो तांदूळ, सात-आठ किलो पीठ, तीन किलो डाळी आणि कडधान्यं, दोन लिटर तेल. कांदे, बटाटे, लसूण, लिंबं. भाजी संपली की मोड आलेली मटकी आणि सुकट आहेच. रक्तदाबाच्या, साखरेच्या, दम्याच्या औषधांचा साठा मात्र महिनाभराचा हवा. इनहेलर संपत आलाय का ते आजच बघा. पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, ऑक्सिमीटर. भीतीने दहा-दहा किलो साखर उचलू नका, रोजंदारीवाला महिन्याचं सामान एकदम घेऊ शकत नाही आणि वाण्याकडे त्याच्यासाठी उरलं पाहिजे.

एवढं करून घरात कोणाला ताप आलाच तर?

त्याच क्षणी त्या माणसाला मास्क, खिडकीजवळची जागा, आणि शुश्रूषेला एकच माणूस, जे स्वतः नाजूक नाही. बाकीच्यांनी सात दिवस बाहेर जाणं टाळायचं.

नाजूक माणसाला ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी फोन करा. फ्लूवरचं ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. बाकीच्यांनी केवळ तपासणीसाठी धावत सुटू नये. २००९ मध्ये चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयाबाहेर लांबच लांब रांगा लागल्या होत्या, आणि अशा रांगेत आजार नसलेल्यालाही तो मिळू शकतो. मुलांना ॲस्पिरिन अजिबात देऊ नका.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बरळणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणं, मूल पाणी पीत नसणं किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पालिकेची मदत हवी तर १९१६, २०२० मध्ये खाटेची चौकशीही तिथेच व्हायची. आणि एक फसवं लक्षण: ताप उतरतो, माणूस चहा मागतो, घर सुटकेचा श्वास सोडतं, आणि दोन दिवसांनी ताप जोरात परत येतो. तो बहुधा न्यूमोनिया असतो. तेव्हा थांबू नका. ऑक्सिजन मोजताना नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो, बोट बदला.

पावसाळ्यात ताप म्हणजे फ्लूच कशावरून?

फार महत्त्वाचा प्रश्न. मुंबईत फ्लू जास्त वाढतो तोही पावसाळ्यात, आणि त्याच दिवसांत मलेरिया, डेंग्यू, लेप्टो असतात. दार लावून बसलेल्या घराचा सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो: 'साथीचाच ताप आहे, सात दिवसांत उतरेल' म्हणून मलेरिया अंगावर काढणं. थंडी वाजून ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ, पोटऱ्या दुखणं, डोळे पिवळे होणं, किंवा सर्दी-खोकला काहीच नाही आणि नुसता ताप, असं असेल तर रक्त तपासा. साचलेल्या पाण्यातून चालून आला असाल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा, लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या लवकर घ्यायच्या असतात.

लस घेतली की सुटलो ना?

दरवर्षीची फ्लूची लस पावसाळ्याआधी घ्यावी, विशेषतः नाजूक माणसांनी. परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. पण नव्या विषाणूवर ती चालेलच असं नाही. २००९ चा विषाणू एप्रिलमध्ये सापडला आणि भारतात बनलेली लस २०१० च्या मध्यावर आली. पहिली लाट आपल्याला लशीविना काढावी लागणार हे धरून चला.

लग्न, गणपती, मयत. नाही म्हटलं तर माणसं तुटतात.

लग्नाला आहेर पाठवा, गणपतीला दीड दिवस घरच्याच माणसांत करा. मयताला मात्र घरातलं एक माणूस जाऊ द्या, उघड्यावर, मास्क लावून, आणि परत आल्यावर त्याला रेघेच्या पलीकडे ठेवा. दुःखात कोणी फिरकलं नाही हे माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

सोसायटीने एखाद्या घराला सक्तीने बंद ठेवावं का?

तसा अधिकार सोसायटीला नाही. साथरोग कायद्याखाली तो सरकारचा आणि पालिकेचा आहे. हा कायदा १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा. मांडवीत प्लेग निघाल्यावर घराघरांत झडत्या झाल्या, माणसं उचलून नेली गेली. परिणाम काय झाला? लोकांनी आजारी माणसं लपवली आणि मिळेल त्या गाडीने शहर सोडलं.

आमच्या इमारतीत २०२० मध्ये एका घरातल्या दोघांचं नाव नोटीस बोर्डावर लागलं. दूधवाल्याला त्या मजल्यावर जाऊ दिलं नाही. मी चिटणीस होते आणि ती नोटीस मी दुसऱ्या दिवशी काढली, त्याच संध्याकाळी काढायला हवी होती. त्यानंतर तीन आठवडे इमारतीत एकानेही ताप असल्याचं सांगितलं नाही. ताप नव्हता असं नाही. आजारी माणूस म्हणजे विटाळ नव्हे. त्याच्या दारावर नोटीस नको, त्याच्या दाराशी दुधाची पिशवी हवी.

बरं झालेल्या माणसाने पुन्हा सगळ्यांत कधी यावं?

औषध न घेता पूर्ण २४ तास ताप नसला आणि लक्षणं सुरू होऊन सात दिवस झाले की. लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी दहा दिवस धरा. खोकला पुढे दोन आठवडे रेंगाळतो, तेवढ्यावरून कोणाला अडवू नका. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईने आजारातही दूध पाजणं थांबवू नये. मास्क लावून, हात धुवून पाजावं, किंवा काढून दुसऱ्या कोणी वाटी-चमच्याने द्यावं. बरं झालेल्याला लगेच जिना चढून पाण्याचे हंडे आणायला लावू नका, फ्लूचा थकवा ताप गेल्यावरही आठवडाभर तरी अंगात राहतो.